वाकळ : तेरणेकाठची मायेची वस्तू

वाकळ म्हणजे जुनेर झालेली लुगडी, धोतरे आणि पटके एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण-पांघरूण. पुण्या-मुंबईकडे तिला गोधडी म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात दोन्ही शब्द चालतात आणि बोलण्यात गोधडीची ‘गोदडी’ होते. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाची लहान गोधडी शिवतात, ते दुपटे. सीमेपलीकडे कर्नाटकात अशा पांघरुणाला कौदी, बिहारात सुजनी आणि बंगालात कांथा म्हणतात. संस्कृतातली कंथा, म्हणजे संन्याशाचे ठिगळांचे वस्त्र, हा या कुळातला जुना शब्द.

ढोकी हे धाराशिव तालुक्यातले रेल्वे स्थानकाचे आणि साखर कारखान्याचे गाव. तेरणा नदी आणि प्राचीन तेर नगरी येथून जवळ आहेत. या भागातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात वाकळांची चवड असते आणि त्या चवडीत एखादी वाकळ कोणा एकाचीच असते. ती दुसऱ्याने पांघरायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. लहान मुलाच्या बाबतीत याचे कोणाला नवल वाटत नाही. पण तीस-चाळीस वर्षांच्या माणसाला त्याच वाकळेवाचून झोप येत नसेल, परगावी जाताना ती बरोबर न्यावी लागत असेल, ती धुतली तर तो दिवसभर कासावीस होत असेल, तर घरचे गोंधळतात आणि बाहेरचे हसतात. ऑटिझम असलेल्या अनेक प्रौढांच्या आयुष्यात अशी एक वस्तू असते. तिच्यावरची माया समजून घ्यायला वैद्यकाला बराच काळ लागला. वाकळेच्या रीतीत मात्र त्या मायेला जागा आधीपासून होती.

तगर ते ढोकी : कापडाची वाट

तेरणेच्या खोऱ्यात कापडाची गोष्ट दोन हजार वर्षे मागे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तगरहून गाड्यांत भरून, अवघड मुलखातून भडोच बंदराला माल जाई. त्यात तलम मलमल होती आणि मोठ्या प्रमाणावर साधे कापडही होते. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी हे तगर म्हणजे आजचे तेर, हे साधार मांडले. पुढे हेन्री कझिन्स यांनी तेरच्या अवशेषांची पाहणी केली आणि 1958 च्या सुमारास बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले.

तेरच्या मातीतून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती, पांढऱ्या केओलिन मातीच्या साच्यातल्या मूर्ती आणि खेळणी मिळाली. तेथल्या हस्तिदंती मूर्तीचे साम्य इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीशी दिसते. गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हातात मावेल एवढी मातीची आकृती दोन हजार वर्षे टिकली. तेरचे कापड मात्र कुजून गेले. कापडाचा इतिहास असाच असतो. तो जमिनीत राहत नाही, वापरात आणि रीतीत राहतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. काळ्या जमिनीत कापूस पिके, पण अंगावरचे कापड बाहेरून येऊ लागले होते. सोलापूरला पहिली कापड गिरणी 1877 मध्ये उभी राहिली होती. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी अरुंद वाट सुरू झाली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. ढोकी या वाटेवर आली. कापूस आणि धान्य बाहेर जाऊ लागले. गिरणीचे धोतर, लुगडे आणि खण आत येऊ लागले. 2007-08 मध्ये हा मार्ग रुंद झाला आणि धाराशिव शहरही त्याला जोडले गेले.

कापड विकत घ्यायचे म्हणजे पैसा लागे, आणि कोरडवाहू शेतीत पैसा वर्षातून एकदा दिसे. त्यामुळे विकतचे कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाई. नवे लुगडे आधी सणाला, मग रोजच्या कामाला. विरले की दोन लुगड्यांचे धड भाग जोडून दंड घालायचा. तेही फाटले की धडपा, मग फडके, मग चिंधी. या उतरंडीत वाकळ मधोमध येते. नेसण्याजोगे उरले नाही, पण टाकून देण्याजोगे झाले नाही, अशा कापडाची वाकळ होते.

शिवण

वाकळ शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. रब्बीची सुगी उरकलेली असते, पाऊस लांब असतो आणि दुपार मोठी असते. सारवलेल्या जमिनीवर किंवा ओसरीत पहिले लुगडे तळाला अंथरतात. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणतात. त्यावर जुनी धोतरे, सदऱ्यांचे तुकडे, पटक्याच्या पट्ट्या पसरतात. खड्डा दिसेल तेथे ठिगळ भरतात. वरून पुन्हा एक लुगडे येते. पोटात काय घालायचे ते घरात काय उरले यावर ठरते, आणि वरचे लुगडे मात्र निवडून घेतात, कारण अंगाला तेच लागणार असते.

मग दोघी-तिघी कडेने बसतात. टाके काठापासून सुरू होतात आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे सरकतात. शिवणारी वाकळेवरच बसून पुढे पुढे जाते. टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडला तर हात चांगला, असे म्हणतात. पूर्ण झालेल्या वाकळेवर हात फिरवला तर कापड मऊ लागते आणि टाक्यांच्या ओळींनी बारीक उंचसखल झालेला पोत बोटांना कळतो. मोठी वाकळ तीन-चार किलो सहज भरते. मध्ये एखादा हिरव्या किंवा तांबड्या खणाचा तिकोनी तुकडा असतो. तो शोभेला असतो आणि खुणेलाही. अंधारात, चवडीतून आपली वाकळ त्या तुकड्यावरून ओळखता येते.

घरच्या बायका वाकळ शिवतातच, पण महाराष्ट्रात दारोदार फिरून मजुरीवर वाकळा शिवून देणाऱ्या बायकाही होत्या. अनेक ठिकाणी त्या भटक्या समाजांतल्या असत. घरधनीण कापड देई, त्या शिवण देत. मोबदला धान्यात किंवा रोख मिळे. कोणते लुगडे वर घ्यायचे आणि कोणते पोटात घालायचे, हा निर्णय मात्र घरच्या बाईचाच राही. आजीचे शेवटचे लुगडे, बाळंतपणात नेसलेले पातळ, मुलीच्या लग्नातला खण अशी निवड त्यात असे. म्हणून जुनी वाकळ उलगडली की घरातली म्हातारी बोट ठेवून सांगू शकते की हे कोणाचे, ते कोणाचे.

वाकळ माणसाबरोबर जन्मापासून असते. बाळ दुपट्यात येते. मुलगी सासरी जाताना वाकळ नेते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या गाडीत कोयता, भांडी आणि वाकळा असतात. कारखान्याच्या तळावर खोप उभी राहिली की आधी वाकळ अंथरली जाते आणि परक्या जागी घर तयार होते. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. त्याच्या हंगामात या गावाने अशा अनेक खोपी पाहिल्या. माणूस गेल्यावर त्याचे अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढण्याची, देऊन टाकण्याची रीत आहे. या रीतीतही वाकळ आणि माणूस यांना एकच मानलेले दिसते.

वस्तूशी वागण्याची रीत

वस्तूवर जीव लावणे हे केवळ लहानपणाचे लक्षण आहे, असे गावाच्या जुन्या जगण्यात कोणी मानत नव्हते. म्हाताऱ्याच्या कनवटीला चंची असे. तिच्यात पान, सुपारी, अडकित्ता आणि चुना. ती चंची दुसऱ्याने उघडायची नसे. धनगराचे घोंगडे, वारकऱ्याची तुळशीमाळ, गुराख्याची काठी या वस्तू माणसाच्या अंगाचा भाग झालेल्या असत. गाडगेबाबांनी (1876–1956) आयुष्यभर फुटके गाडगे आणि खराटा जवळ ठेवला, अंगावर चिंध्यांचे वस्त्र वापरले. लोकांनी त्यांना त्या गाडग्याचेच नाव दिले आणि चिंधेबुवा, गोधडेबुवा असेही म्हटले. प्रौढ माणसाने एकच वस्तू जन्मभर सांभाळणे हे येथे आदराचा विषय होऊ शकत होते.

वस्तूला भावना असल्यासारखे वागणेही घरोघर शिकवले जाते. केरसुणीला किंवा पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा. खंडेनवमीला नांगर, कोयता, तराजू, शिलाई यंत्र पुजायचे. साखर कारखान्याचा हंगाम बॉयलरच्या अग्निप्रदीपनाने आणि गव्हाणीच्या पूजेने सुरू होतो. याच जिल्ह्यात तुळजापूरला देवीची मूर्ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. त्या मंचकी निद्रेसाठी गाद्यांचा कापूस पिंजून देण्याची सेवा बायका करतात. भक्तांसाठी मूर्ती ही वस्तू नव्हे, ती आई आहे. पण या सेवेत जी समज आहे, ती घरातल्या सगळ्या वस्तूंपर्यंत झिरपलेली आहे. निजणाऱ्याला मऊ अंथरूण हवे, थकलेल्याला विसावा हवा, आणि तो देणाऱ्याचा हात हळुवार हवा, एवढी ती समज.

हेच गाव ज्याला ‘येडं’, ‘खुळं’ किंवा फार तर ‘देवाचं लेकरू’ म्हणे, त्याच्या वाट्याला मात्र ही समज नेहमी आली नाही. न बोलणारा, हाक मारल्यावर न बघणारा, एकाच फडक्याला धरून बसणारा मुलगा दिसला की देवऋषी, अंगारा आणि नवस सुरू होत. तो मोठा झाला की हातातले फडके ओढून घेतले जाई. चंची जवळ ठेवणारा म्हातारा मानाचा ठरे आणि वाकळ जवळ ठेवणारा जवान पोरगा हसण्याचा विषय होई.

वैद्यकाची वाट

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या तोंडाशी वापरला, पण वेगळ्या आजाराच्या वर्णनात. मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी 1925 मध्ये काही मुलांचे वर्णन केले, ते आजच्या ऑटिझमशी जुळते. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांवरचा निबंध लिहिला आणि 1944 मध्ये व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी आपला. कॅनर यांना दोन गोष्टी ठळक दिसल्या. या मुलांना सगळे जसेच्या तसे राहावे असे तीव्रतेने वाटते. शिवाय माणसांशी जुळवून घेताना ती अडखळतात, तरी वस्तूंशी त्यांचे छान जमते, कारण वस्तू अचानक बदलत नाहीत. निरीक्षण अचूक होते. मात्र पुढची कित्येक वर्षे त्याचा अर्थ उणेपणा असाच लावला गेला.

दरम्यान इतर मुलांच्या वस्तूप्रेमाला प्रतिष्ठा मिळाली. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनी 1951 मध्ये एक निबंध वाचला. तो 1953 मध्ये छापला गेला. बाळ पांघरुणाचा कोपरा किंवा मऊ बाहुली धरून ठेवते, ती वस्तू आई आणि बाहेरचे जग यांच्या मधली असते आणि तिच्या आधाराने ते आईपासून दूर व्हायला शिकते, असे त्यांनी मांडले. अशी वस्तू धुतली की मुलाच्या अनुभवाची सलगता तुटते. म्हणून ती मळली, तिला वास आला तरी समंजस आई तिला हात लावत नाही, हेही त्यांनी टिपले. 1958 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तारेची आई दूध देत असली तरी पिल्ले वेळ घालवत ती कापडाने मढवलेल्या आईला बिलगून. त्या निराधार पिल्लांना ज्या एकाकीपणात ठेवले गेले, त्यावर पुढे रास्त टीका झाली. मऊ स्पर्श ही मोठी गरज आहे, हे मात्र त्यातून ठळकपणे दिसले.

ऑटिझम असलेल्या मुलांना ही समजूत लागू केली गेली नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ फ्रान्सेस टस्टिन यांनी 1980 मध्ये या मुलांच्या आवडत्या वस्तूंना वेगळे नाव दिले आणि अशा वस्तू मुलाला माणसांपासून दूर नेतात, असा विचार मांडला. त्याच वर्षी आलेल्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तूंवरची आसक्ती विचित्र प्रतिसादांच्या यादीत गेली. 1987 च्या सुधारित आवृत्तीत दोरीचा तुकडा सतत जवळ बाळगण्याचे उदाहरण आले. 2013 च्या पाचव्या आवृत्तीतही वेगळ्या वस्तूंची तीव्र ओढ हे लक्षण राहिले. त्या आवृत्तीने एक महत्त्वाची भर घातली : स्पर्श, आवाज, प्रकाश, वास यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असणे हेही ऑटिझमचे लक्षण मानले गेले. त्यामुळे दोरीच्या तुकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येऊ लागले. ज्याच्या कानावर बाजारातला गलका दगडासारखा आदळतो, त्याच्या बोटांना ओळखीचा धागा लागणे ही विसाव्याची गोष्ट आहे.

ही नजर देण्यात ऑटिझम असलेल्या प्रौढांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेच्या टेम्पल ग्रँडिन यांना माणसाची मिठी सहन होत नसे, पण अंगावर सर्व बाजूंनी सारखा दाब हवासा वाटे. गुरांना स्थिर धरणारा सापळा पाहून त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले आणि 1992 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये वजनदार पांघरुणांची चाचणी झाली. ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेचा वेळ त्यामुळे वाढला नाही. मात्र मुलांनी आणि पालकांनी साध्या पांघरुणापेक्षा वजनदार पांघरूणच पसंत केले. 2019 मध्ये रिबेका व्हाइट आणि अ‍ॅना रेमिंग्टन यांचा अभ्यास छापला गेला. ऑटिझम असलेल्या 87 आणि नसलेल्या 263 प्रौढांना त्यांनी प्रश्न विचारले. वस्तूला भावना आहेत असे वाटणे ऑटिझम असलेल्यांत बरेच आढळते, कदाचित इतरांपेक्षा अधिक, आणि ते मोठेपणीही टिकते, असे त्यांना दिसले. काहींना त्याचा त्रासही होतो. वस्तू टाकून दिली तर तिला एकटे वाटेल, या विचाराने ती माणसे व्याकूळ होतात.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, पण तो ऐकून वाटते की हा माणूस स्वतःतच बुडालेला आहे, त्याला बाहेरच्या कशाची ओढ नाही. फाटक्या वाकळेला एकटे वाटेल म्हणून जो रात्री उठून तिची घडी नीट करतो, त्याच्याबद्दल हे म्हणता येत नाही. ओढ त्याच्याकडे भरपूर असते. ती व्यक्त होण्याची जागा वेगळी असते.

प्रौढ माणूस आणि त्याची वाकळ

ऑटिझम हा आयुष्यभराचा असतो. मूल मोठे होते, ऑटिझम जात नाही. तरी भारतात त्याची चर्चा दीर्घकाळ मुलांपुरतीच राहिली. दिल्लीत 1991 मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी राहिली आणि मुंबई-पुण्यात पालकांचे गट पुढे आले. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचे नाव घेतले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यांत ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळाले. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. आज ढोकीसारख्या गावात चाळिशीत असलेला माणूस लहान होता, तेव्हा त्याच्या वागण्याला द्यायला घरच्यांकडे नावच नव्हते.

वाकळ त्याच्यासाठी काय करते, हे चार बाजूंनी पाहता येते. पहिली बाजू स्पर्शाची. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड अंगाला टोचत नाही, आणि टाक्यांच्या ओळींवरून बोट फिरवताना एक ठरलेली लय मिळते. बहुतेकदा एकच कोपरा झिजतो. तेथे कापडाचा रंग गेलेला असतो आणि अंगठ्याने घासून घासून टाके उघडे पडलेले असतात. दुसरी बाजू वजनाची. तीन-चार किलोंचा सारखा भार अंगावर आला की शरीराला आपली हद्द कळते आणि धडधड शांत होते, असे अनेक जण सांगतात. तिसरी बाजू वासाची. धूर, ऊन आणि घरच्या माणसांच्या अंगाचा वास वाकळेत मुरलेला असतो. परक्या जागी तो वास हीच ओळख असते. चौथी बाजू कायमपणाची. घरात लग्ने होतात, माणसे जातात, भिंती बदलतात. वाकळ तीच असते. कॅनर यांनी टिपलेल्या ‘जसेच्या तसे’ या गरजेला ती पुरी पडते.

आई गेल्यानंतर ही चौथी बाजू सर्वांत महत्त्वाची होते. ज्या प्रौढाची सगळी सोय आईने पाहिली, त्याला तिचे जाणे शब्दांत सांगता येत नाही. तो रडत नाही म्हणून लोक म्हणतात, याला काही कळत नाही. पण तिच्या लुगड्याची वाकळ तो सोडत नाही. अशा वेळी रीत म्हणून गेलेल्या माणसाचे अंथरूण बाहेर काढले, तर त्याचा दुसरा आधारही त्याच दिवशी जातो. रीत मोडवत नसेल तर बाकीचे सारे द्यावे आणि एक लुगडे मागे ठेवावे, इतकी ढील कुठल्याही घराला देता येते.

वस्तू हिसकावून घेतल्याने माणूस मोठा होत नाही. त्याची घालमेल वाढते. कधी तो स्वतःला मारून घेतो, कधी खाणे सोडतो. उलट वस्तू जवळ असली की तो अवघड गोष्टीही करू शकतो. वाकळेचा कापून घेतलेला वीतभर तुकडा खिशात असला, तर बाजार, एसटी आणि दवाखाना त्याला सोसतो. विनिकॉट यांनी तान्ह्या बाळाबद्दल जे सांगितले, त्याचाच हा मोठेपणचा धागा आहे. काळजी करावी अशा वेळाही असतात. वस्तू न मिळाल्यास जगणेच थांबत असेल, ती वस्तू इजा करणारी असेल किंवा तिच्याबद्दलच्या चिंतेने झोप उडत असेल, तर जाणकाराची मदत घ्यावी लागते.

कॅनर यांच्या 11 मुलांतला पहिला, डोनल्ड ट्रिप्लेट, 1933 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावात जन्मला. त्याला काही काळ संस्थेत ठेवले होते; आईवडिलांनी घरी आणले. मोठेपणी त्याने बँकेत काम केले, गाडी चालवली, देशोदेशी प्रवास केला आणि 2023 मध्ये, 89 व्या वर्षी, त्याच गावात त्याचा शेवट झाला. त्याच्या सवयी गावाला माहीत होत्या आणि गावाने त्या चालवून घेतल्या. लहान गावात माणूस लपत नाही. म्हणून तेथे चेष्टा लवकर पोचते, आणि समज आली तर तीही घरोघर पोचते.

दसरा, झीज आणि पोटातली वाकळ

मराठवाड्यात घटस्थापनेआधी ‘दसरा काढतात’. घर झाडून-सारवून घेतात आणि वर्षभराच्या साऱ्या वाकळा नदीवर नेतात. सोड्याच्या कढत पाण्यात भिजवलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात, खडकावर आपटतात, धोपटतात. मग काठ रंगीबेरंगी होतो. पावसाने ओढ दिली तर विहिरीवर, नाहीतर टाकीच्या पाण्यावर हेच काम होते. घरासाठी हा आनंदाचा दिवस असतो. वाकळेत जीव अडकलेल्या माणसासाठी तो वर्षातला सर्वांत कठीण दिवस असतो, कारण वाळून परत येणारी वाकळ दिसायला तीच असली तरी तिचा वास गेलेला असतो.

यावर घरोघरी उपाय निघू शकतात, आणि ते साधे आहेत. धुण्याचा दिवस आठवडाभर आधी सांगावा, दिनदर्शिकेवर खूण करावी. त्याला नदीवर बरोबर न्यावे, म्हणजे वाकळ कोठे गेली आणि कशी येणार हे त्याला दिसते. दोन वाकळा असतील तर एक ठेवून एक धुवावी. वाळल्यावर दोन रात्री घरच्या इतर कपड्यांत गुंडाळून ठेवावी.

झिजण्याचा प्रश्न त्याहून मोठा. रोज घासलेली वाकळ कधीतरी विरतेच. बाजारात आता पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आणि सोलापुरी चादर सहज मिळते. साड्या कृत्रिम धाग्याच्या झाल्याने त्यांची वाकळ गुळगुळीत होते, घाम टिपत नाही आणि तिला जुना पोत येत नाही. शहरांत गोधडी शौकाची वस्तू होऊन दुकानांत आली आहे. काही बायकांना त्यातून चांगले काम मिळते. पण दुकानातली गोधडी कितीही देखणी असली, तरी ती कोणाची असत नाही.

या अडचणीचे उत्तर शिवणीच्या रीतीतच आहे. वाकळ फार विरली की ती टाकत नाहीत; तीच नव्या वाकळेच्या पोटात घालतात. खाली आणि वर नवे कापड, मध्ये जुनी वाकळ, आणि तिच्यातून आरपार जाणारे नवे टाके. वजन तेच राहते, मध्यातून येणारा वास बराचसा तोच राहतो, खणाचा तिकोनी तुकडा उसवून नव्या वाकळेवर त्याच जागी लावता येतो. हे काम त्या माणसासमोर, त्याला जवळ बसवून करता येते. कोणता कोपरा उघडा ठेवायचा, हे त्यालाच विचारावे. जुन्या वाकळा अशाच पिढ्यांवर पिढ्या चढत जाड झालेल्या असतात. तेरणेकाठच्या बायकांनी मायेची वस्तू मोडू न देता बदलण्याची ही रीत पूर्वीच बसवून ठेवली आहे. ज्याला बदल सोसत नाही, त्याच्यासाठी ती आजही जशीच्या तशी उपयोगाची आहे.